नदीची नाडी पाहणारे डॉक्टर

बालमित्रांनो, डॉक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? गळ्यातला स्टेथोस्कोप, 'आ कर, जीभ दाखव' असं म्हणणारा आवाज, कडू औषधाची बाटली आणि हो, ती सुई! डॉक्टरांनी माणसं तपासायची, हे आपल्याला ठाऊक आहे. जनावरांचे डॉक्टरही तुम्ही पाहिलेले असतात. पण एखादा डॉक्टर उठला आणि चक्क नदी तपासायला निघाला तर? हसू नका, अशा एका डॉक्टरांचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. त्यांचं नाव डॉ. भारत पाटणकर. गाव कासेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली.

सांगलीचं नाव काढल्याबरोबर आपल्या बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच मुलांनी कान टवकारले असतील. दसरा झाला की आपल्याकडच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीचं पोतं, शेळी, कोंबड्या आणि वर बसलेली पोरंसोरं! कोणी सांगलीला, कोणी कोल्हापूरला, कोणी पार कर्नाटकात ऊस तोडायला जातं. दिवाळीनंतर आमच्या वर्गांत अर्ध्या जागा रिकाम्या दिसतात. तिकडून परत आलेली एक मुलगी मला एकदा म्हणाली होती, "बाई, तिकडं नुसतं हिरवंगार हाय. तिकडं दुष्काळ पडतच नाही."

तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. तिनं पाहिली ती कृष्णाकाठची सांगली. पण त्याच जिल्ह्याची पूर्वेकडची बाजू पाहिलीत तर तुम्हाला वाटेल, आपण पाटोद्यात किंवा आष्टीतच आलो की काय! खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे तालुके आपल्यासारखेच सह्याद्रीच्या पाठीशी पडलेले. पावसाचे ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. तिथली माणसंही पोटासाठी घर सोडतात. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. त्याला 'गलाई' म्हणतात. आणि पूर्वी फार मोठ्या संख्येनं तिथले तरुण मुंबईच्या कापड गिरण्यांत जात.

आता आपल्या डॉक्टरांकडे वळू या. भारत पाटणकरांचा जन्म १९४९ सालचा. त्यांचे वडील बाबूजी आणि आई इंदुताई, दोघंही स्वातंत्र्यलढ्यातले. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही क्रांतिसिंह नाना पाटील आणि साताऱ्याचं प्रतिसरकार यांच्याबद्दल वाचलं असेल. इंग्रजांचं राज्य असतानाच गावांनी आपला कारभार, आपला न्यायनिवाडा स्वतः चालवून दाखवला होता. त्या चळवळीत हे दोघं होते. पण १९५२ मध्ये बाबूजींचा खून झाला. लहानगा भारत तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. पुढे आईनंच त्याला वाढवलं.

मुलगा हुशार निघाला, एम.बी.बी.एस. झाला. आता दवाखाना काढायचा, पाटी लावायची, गाडी घ्यायची! पालकहो, खरं सांगा, तुम्हालाही असंच वाटलं असतं ना? पण हा तरुण डॉक्टर १९७० नंतरच्या त्या दशकात डॉक्टरकी बाजूला ठेवून चळवळीचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. १९७६ मध्ये त्यांनी लग्न केलं, तेही कुणाशी? गेल ऑम्व्हेट नावाच्या अमेरिकन विदुषीशी. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला ही बाई सातासमुद्रापलीकडून महाराष्ट्रात आली आणि इथलीच झाली. १९८३ मध्ये तिनं भारताचं नागरिकत्व घेतलं. गेलताईंनी उरलेलं सगळं आयुष्य कासेगावात काढलं आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

१९८० मध्ये डॉ. पाटणकर आणि त्यांच्या साथीदारांनी 'श्रमिक मुक्ती दल' ही संघटना सुरू केली. ती काँग्रेसची नव्हती आणि काँग्रेसच्या विरोधातल्या कुठल्या मोठ्या पक्षाचीही नव्हती. कष्टकऱ्यांची वेगळी वाट काढायची, असा तिचा विचार होता.

पण मग नदी कुठून आली मध्येच? सांगते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांमध्ये मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार कामावर गेले नाहीत. आणि या संपाचे पुढारी कोण होते? तेही एक डॉक्टरच, डॉ. दत्ता सामंत! घाटकोपरला त्यांचा दवाखाना होता. दगडखाणीतले मजूर तिथे औषधाला येत. त्यांचे हाल पाहून हे डॉक्टर कामगारांचे पुढारी झाले होते. संप लांबत गेला. पगार नाही, मुंबईत खायचं काय? कामगार आपापल्या गावी परतले. त्यांतले पुष्कळजण खानापूर तालुक्यातले. गावी येऊन पाहतात तर तिथे दुष्काळ! विहिरी कोरड्या, हाताला काम नाही. 'आगीतून फुफाट्यात' म्हणतात ना, तसंच झालं.

दुष्काळात सरकार रोजगार हमीची कामं काढतं. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात ही पद्धत रुळली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी तेव्हा खडी फोडलेली असेल. खानापुरातही तेच चाललं होतं. रस्ते आणि खडी, खडी आणि रस्ते. मुंबईत संघटना करायला शिकलेले हे तरुण आणि डॉ. पाटणकर एकत्र आले. त्यांच्या चळवळीला 'मुक्ती संघर्ष' असं नाव मिळालं. तिनं एक साधा प्रश्न विचारला. दर दुष्काळात आम्ही खडीच का फोडायची? पुढचा दुष्काळ येऊ नये असं एखादं काम आम्हाला का देत नाही?

प्रश्न चांगला होता. पण असं काम कोणतं, ते ठरवायला आधी दुखणं कळायला हवं.

डॉक्टर काय करतात, आठवा. आधी विचारतात, 'कधीपासून दुखतंय? काय खाल्लं होतं? आधी असं झालं होतं का?' मगच गोळी देतात. इथेही तसंच झालं. कार्यकर्ते, विद्यार्थी आणि विज्ञान चळवळीतली माणसं गावोगाव फिरली. म्हाताऱ्या माणसांजवळ बसली. पूर्वी नदी कुठल्या महिन्यापर्यंत वाहायची, कोणती पिकं घेत होता, विहिरीला पाणी किती हातांवर लागायचं, डोंगरावर झाडं कोणती होती, असे प्रश्न त्यांनी विचारले. आणि उत्तरांमधून असं दिसू लागलं की एकट्या पावसावर खापर फोडून चालणार नाही. पाऊस पूर्वीही कमीच होता. बिघडली होती ती जमीन, आणि बिघडली होती नदी.

या भागातून येरळा नदी वाहते. सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. तिच्या पात्रात वाळू भरपूर. वाळू म्हणजे बांधकामाला सोन्यासारखी! ठेकेदार लिलाव घेत, ट्रक लावत आणि वाळू शहरांकडे नेत. नदीकाठची विहीर का आटली, याचं एक उत्तर त्या ट्रकमध्ये बसून चाललं होतं.

तुम्हाला हे पटत नसेल तर घरी एक प्रयोग करा. दोन सारखे पेले घ्या. एक रिकामा ठेवा आणि दुसरा कोरड्या वाळूनं काठोकाठ भरा. वाळूच्या पेल्यात हळूहळू पाणी ओता. पेला 'भरलेला' आहे, तरी त्यात साधारण पेल्याच्या एक तृतीयांश पाणी मावेल! हे पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत जाऊन बसतं. आता रिकाम्या पेल्यात तेवढंच पाणी घाला आणि दोन्ही पेले उन्हात ठेवा. काही दिवसांनी काय होतं ते स्वतःच पाहा. वरची वाळू वाळली तरी आत बोट घातलं की ओल लागेल.

नदीचंही तसंच आहे, बरं का. वाळूचं पात्र ही नदीची टाकी असते. उन्हापासून झाकलेली. पावसाळ्यात ती पाणी पिऊन घेते आणि नंतर हळूहळू काठच्या विहिरींना देत राहते. कोरड्या नदीत झरा खणून आपल्या आया-आज्यांनी वाटीवाटीनं पाणी भरलं, ते या टाकीतलंच. वाळू खरवडून नेली की उरतो तो उघडा खडक. त्यावरून पुराचं पाणी घसरगुंडीसारखं सरळ पुढे निघून जातं.

गेवराई, माजलगाव भागातल्या मुलांना हे काही नवीन नाही. गोदावरीच्या आणि सिंदफणेच्या काठावर रात्रीचे वाळूचे ट्रक त्यांच्या कानांच्या ओळखीचे आहेत. त्यातून होणारी भांडणंही आपण पेपरात वाचतो. म्हणूनच येरळेकाठच्या लोकांनी पुढे काय केलं ते मला तुम्हाला सविस्तर सांगावंसं वाटतं.

येरळेच्या काठी बलवडी आणि तांदुळवाडी अशी दोन गावं आहेत. त्यांनी ठरवलं, आपलं छोटं धरण आपणच बांधायचं. पैसे कुठून आणायचे? तर नदीतलीच थोडीशी वाळू गावानं स्वतः विकायची आणि त्या पैशांतून धरण उभं करायचं.

थांबा! तुमच्यातला एखादा चौकस मुलगा लगेच हात वर करील. 'आत्ताच तर म्हणालात वाळू नेली की नदी आटते. मग यांनी कशी विकली?' शाबास, प्रश्न बरोबर आहे. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. ठेकेदाराला नफा हवा असतो, म्हणून तो थांबत नाही. गावाला पाणी हवं होतं, म्हणून धरणाला लागेल तेवढीच वाळू काढायची, असा त्यांचा हिशेब होता. आणि विकल्या वाळूचा पैसा बाहेर न जाता पाणी होऊन गावातच राहणार होता. मला विचाराल तर एवढ्यानं प्रश्न पूर्ण सुटत नाही. वाळू ती वाळूच. पण कोण काढतो, किती काढतो आणि कशासाठी काढतो, यानं फरक पडतोच.

सरकारी परवानगी काही सहजासहजी मिळाली नाही. अर्ज झाले, आंदोलनं झाली. धरणं धरून धरण बांधलं, असंच म्हणा ना! के. आर. दाते यांच्यासारखे जाणते अभियंते मदतीला आले. गावकऱ्यांनी श्रमदान केलं, शहरांतले विद्यार्थीही घमेली उचलायला आले. आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस धरण उभं राहिलं. नाव ठेवलं 'बळीराजा स्मृती धरण'. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या घरातल्या बायका 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात ना, तोच हा बळीराजा.

पण माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यांत मोठी बाब भिंत नव्हे. खरी बाब तिच्यामागे साठलेल्या पाण्याची आहे. ते वाटलं कसं?

शाळेतलं उदाहरण घेऊ. वर्गात एक माठ आहे आणि चाळीस मुलं. नियम असा केला की ज्याच्याकडे जितका मोठा डबा, त्याला तितकं पाणी. ज्याच्याकडे डबाच नाही, त्याला काहीच नाही. तुम्ही म्हणाल, 'बाई, हा कसला नियम?' पण धरणाच्या पाण्याचा नियम बहुतेक ठिकाणी असाच असतो! पाणी जमिनीच्या हिशेबानं मिळतं. दहा एकरवाल्याला एक एकरवाल्याच्या दहापट. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्या मजुराला शून्य. मग धरण बांधताना दगड कुणी का उचललेले असेनात.

बळीराजा धरणावर नियम उलटा केला. पाणी निसर्गाचं आहे, तेव्हा त्यात प्रत्येक कुटुंबाचा वाटा सारखा. जमीन नसलेल्यांनाही वाटा! 'पण जमीनच नाही तर पाण्याचं करायचं काय?' असं तुम्हाला वाटेल. तर ज्याच्याकडे जमीन आहे पण पाणी कमी पडतं, त्याच्याबरोबर वाट्यानं शेती करायची. एकाची जमीन, दुसऱ्याचं पाणी, पीक दोघांचं.

आणखी एक नियम होता. या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. सांगली जिल्ह्यात, जिथे साखर कारखाने आणि ऊस म्हणजे सगळं काही, तिथे हा नियम! ऊस बारा महिने रानात उभा असतो आणि त्याला भरमसाट पाणी लागतं. थोड्यांनी ऊस लावला की बाकीच्यांच्या ज्वारीलाही पाणी उरत नाही.

हे लिहिताना माझा हात थोडा थबकतो. कारण ऊस आहे म्हणून आपल्याकडच्या हजारो घरांत कोयत्यावर चूल पेटते, आणि ऊस आहे म्हणूनच आपल्या मांजरा खोऱ्यातलं पाणीही पटकन संपतं. २०१६ चा उन्हाळा आठवतो का? तुमच्यातले काही तेव्हा जन्मलेही नसतील. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नाही. तेव्हा रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ही गाडी कुठून आली होती माहीत आहे? मिरजेहून. मिरज आहे सांगली जिल्ह्यात! ज्या वाटेनं आपली माणसं ऊस तोडायला जातात, तिकडूनच पाणी आलं.

आता थोडं मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी. एवढं सगळं करण्यापेक्षा डॉक्टरांनी निवडणूक लढवून सत्तेतच का जाऊ नये, असं कुणीही विचारील. काही डॉक्टरांनी तसं केलंही. डॉ. दत्ता सामंतच घ्या. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची मोठी लाट होती. त्या लाटेतही मुंबईच्या गिरणगावातून ते अपक्ष म्हणून निवडून आले. गिरण्यांचा संप काही त्यांना जिंकता आला नव्हता, तरी लोकांनी त्यांना मतं दिली. पुढे १९९७ मध्ये त्यांची हत्या झाली.

अमेरिकेतलंही एक उदाहरण आहे. जिल स्टाइन नावाच्या डॉक्टर बाई मॅसॅच्युसेट्स राज्यात काम करत. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांचा धूर मुलांच्या छातीत जातो आणि त्यातला पारा नदी-समुद्रातल्या माशांत उतरतो, हे पाहून त्या पर्यावरणाच्या चळवळीत पडल्या. परळीच्या वीज केंद्राची राख ज्यांच्या अंगणात उडते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अमेरिकेत दोनच मोठे पक्ष. डॉ. स्टाइन तिसऱ्याच, हरित पक्षाच्या उमेदवार म्हणून २०१२, २०१६ आणि २०२४ मध्ये थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये त्यांना साडेचौदा लाखांच्या आसपास मतं मिळाली. ऐकायला खूप वाटतात, पण शंभरातलं जेमतेम एक मत! 'तुम्ही उभ्या राहून मतं फोडता' असं त्यांना रागानं बोलणारे पुष्कळ आहेत. 'लोकांना निवडायला तिसरं काही नकोच का?' असं विचारणारेही आहेत. जेवताना घरात हा वाद घालून पाहा, मजा येईल.

डॉ. पाटणकर मात्र आमदार झाले नाहीत की मंत्री झाले नाहीत. मोर्चा, ठिय्या, पाणी परिषद, हीच त्यांची हत्यारं. १९९० नंतर क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानं आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं तिथे जमत आणि कृष्णेच्या पाण्यातला आपला वाटा मागत. डॉ. पाटणकर त्या लढ्यात पुढे होते. वर्षानुवर्षं माणसं रस्त्यावर बसली. आज टेंभूसारख्या योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून आटपाडीपर्यंत चढवलं जातं. आणि 'समन्यायी पाणीवाटप' हा जो शब्द चळवळीनं लावून धरला, तो विचार पाण्याच्या २००५ सालच्या राज्याच्या कायद्यातही आला. कायद्यात आलं म्हणजे शेतात आलं, असं मात्र समजू नका. टोकाच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल.

आपल्या जिल्ह्यातही दवाखान्याबाहेर पाहणारे डॉक्टर होऊन गेले. अंबाजोगाईच्या डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये, म्हणजे गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षी, 'मानवलोक' ही संस्था उभी केली आणि गावोगावी माती अडवण्याची, पाणी जिरवण्याची कामं केली. त्यांच्याबद्दल सविस्तर पुन्हा कधीतरी.

आता तुमच्यासाठी एक काम. वही-पेन्सिल घ्या आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी-आजोबांकडे जा. येरळेकाठी विचारले तसेच प्रश्न विचारा. आपली नदी किंवा ओढा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा? होळीला पाणी असायचं का? पोहायला कुठल्या डोहात जायचात? त्या डोहात वाळू होती की खडक? गावातली पहिली विंधनविहीर कोणत्या साली घेतली आणि पाणी किती फुटांवर लागलं? सध्या नवी घेतली तर किती फुटांवर लागतं? आणि शेवटचा प्रश्न, जरा हळूच विचारा, कारण यावर मोठी माणसं कधी कधी चिडतात. आपल्या गावात पाण्याचा सगळ्यांत मोठा डबा कोणाकडे आहे?